मॅजिक वाँड की कलर रेंज?

फोटोशॉपमध्ये रंगानुसार केलेली निवड अर्धवट राहत असेल किंवा नको तिथे पसरत असेल, तर बहुधा साधन चुकलेले असते. मॅजिक वाँड क्लिक केलेल्या पिक्सेलच्या रंगाशी जुळणारे पिक्सेल उचलते. तिचा टॉलरन्स, म्हणजे रंगात किती फरक चालेल याचे मूल्य, ० ते २५५ असतो, आणि ‘कंटिग्युअस’ हा पर्याय चालू असेल तर केवळ एकमेकांना लागून असलेलेच पिक्सेल निवडले जातात. त्यामुळे पानांच्या फटींतून दिसणारे आकाश सुटते, आणि अनेकजण हा पर्याय बंद करण्याऐवजी टॉलरन्स वाढवत नेऊन पानांच्या कडाही गमावतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. सपाट रंगाच्या बोधचिन्हासाठी मात्र हेच साधन पुरेसे आहे.

कलर रेंज ही रंगानुसार निवडीची दुसरी सोय संपूर्ण चित्रात रंग शोधते आणि ‘फझिनेस’च्या (जुळणी किती सैल ठेवायची त्या) मूल्यानुसार मिळत्याजुळत्या छटा अंशतः निवडते, म्हणून धूर किंवा दाट पाने यांच्या कडा तिच्यात अधिक नैसर्गिक राहतात. लाल शर्टाबरोबर ओठही निवडले जाण्याचा धोका तिच्यात असतो. तेव्हा आधी लासोने, म्हणजे हाताने निवड आखण्याच्या साधनाने, ढोबळ भाग आखावा, कारण मग ती तेवढ्यापुरतीच काम करते.

ब्रशसाठी घेतलेला प्रत्येक रंग करडाच होत असेल, तर या दोहोंचा संबंध नाही. लेयरऐवजी (चित्राच्या थराऐवजी) लेयर मास्क, म्हणजे थराचा भाग झाकणारा आणि फक्त काळ्या, पांढऱ्या व करड्या छटा घेणारा मुखवटा, निवडला गेला आहे का, ते पाहावे.