मिरजेतलं बंदूक दुरुस्तीचं दुकान: स्क्रू निघाला, पण सहा आठवडे थांबायची तयारी ठेवा

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकत नाही. मिस्त्रींनीच नको म्हणून सांगितलंय, "हाय तेवढं काम उरकंना झालंय, आणि माणसं कशाला पाठवतासा." ज्यांच्याकडं परवान्याची बंदूक आहे त्यांनी मिरजेत चार ठिकाणी विचारलं तर दुकान सापडतं, मलाही तसंच सापडलं.

आमची आजोबांच्या वेळची दुनळी, बारा बोअर, बर्मिंगहॅमची, नळ्यांखाली तिथल्या प्रूफचे, म्हणजे नळीची ताकद तपासल्याचे, शिक्के अजून स्वच्छ वाचता येतात. शेतीसंरक्षणाचा परवाना, काम काय तर डुकरं उसात घुसली की हवेत एक बार काढायचा, बास. गाव पलूस तालुक्यात कृष्णाकाठी, म्हणजे पुढची गोष्ट तुम्हाला न सांगताच कळली असेल. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (तिथं धोक्याची पातळी ४५ आहे, यावरून अंदाज करा), आम्ही माणसं आणि म्हशी घेऊन बाहेर पडलो आणि बंदूक कपाटात राहिली. पाणी ओसरल्यावर नळ्या साफ केल्या, तेल दिलं, वरनं चकाचक झाली, आतनं काय झालंय ते कुणी बघितलं? कुणीच नाही. मध्यंतरी बार काढला तर दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडी भागाला, मनगटापाशी, म्हणजे आपण मुठीत धरतो त्या बारक्या भागात, बोटभर लांब चीर.

आता चीर भरायची तर दस्ता लोखंडापासून सुटा करावा लागतो, आणि तो ज्या स्क्रूनं धरलाय तो लांब स्क्रू वरच्या पट्टीतनं लाकडाच्या आरपार जाऊन खाली ट्रिगर प्लेटमध्ये, म्हणजे चाप ज्या पट्टीत बसतो तिच्यात, आट्यांनी बसलेला. विलायती बंदूकवाले स्क्रूला पिन म्हणतात, मिस्त्री पण पिनच म्हणतात, मला आधी वाटलं वेगळंच काहीतरी आहे. तो स्क्रू पुरात गंजून पट्टीशी एकजीव झालेला. मी शहाणपणा करून घरीच टूलकिटातला स्क्रूड्रायव्हर लावला, त्याच्या दांड्याला पाना अडकवला आणि दिला जोर, तर सटकन सुटून डोक्याची खाच एका बाजूनं चेपली आणि वरच्या नक्षीवर हा एवढा ओरखडा. वडील दोन दिवस बोलले नाहीत.

मग एका मोठ्या शहरातल्या दुकानात नेली (नाव राहू दे). तिथं काउंटरवरच्या माणसानं बंदूक हातात पण न घेता "दस्ता नवीन घाला, हा फेका" म्हणून सांगितलं आणि जो आकडा टाकला त्यात एक बरी म्हैस आली असती. कुपवाडच्या एमआयडीसीत ओळखीचा लेथवाला आहे, त्याला फोन केला तर तो म्हणाला दादा ती गोष्ट माझ्या शेडमध्ये आणू पण नका, आणि त्याचं बरोबरच होतं, १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणं दुरुस्तीला सुद्धा परवाना लागतो, नुसता लेथ असून चालत नाही.

तर मिरज. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक जुना लेथ, एक उभं ड्रिल मशीन, आणि भिंतीला करवतींच्या शेजारी एक भोपळा टांगलेला, सतारीचा. मला आधी कळेना हे काय. मिस्त्री लाकूडकाम सतारवाल्यांकडं शिकले. आणि मजा बघा, मिरजेतली सतार-तंबोऱ्याची घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी, १८५० च्या आसपास हत्यारांचं काम आटत गेलं तसे फरीदसाहेब वगैरे वाद्यांकडं वळले. त्याच सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, पेपरात आलेलं. म्हणजे हत्यारावरनं सतारीवर आणि सतारीवरनं परत बंदुकीवर, असा हा उलटा प्रवास आमच्या दस्त्याच्या कामी आला.

पहिल्यांदा परवाना बघितला, नंबर नळीवरच्या नंबराशी ताडून रजिस्टरला लिहिला, बंदूक मधनं उघडून दोन्ही नळ्यांतनं उजेडाकडं बघितलं. मग चष्म्यावर भिंग चढवून खाच बघितली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ह्यो पराक्रम कुणाचा?" मी गप्प. म्हणाले बाजारातला स्क्रूड्रायव्हर पाचरीसारखा निमुळता असतोय, खाचेत टोकच तेवढं बसतंय, जोर दिला की वर उसळणारच. त्यांनी लगेच ग्राइंडरवर एक बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं सुटं पातं, घासायला घेतला, दोन्ही बाजू सरळ समांतर, घासायचा, खाचेत घालून बघायचा, परत घासायचा, शेवटी असा बसला की बंदूक हलवली तरी बिट हलंना. एवढ्याला पाऊण तास. मला वाटलं आता फिरवतील. तर नाही! ट्रिगर गार्ड काढला, त्यामुळं स्क्रूचं खालचं टोक उघडं पडलं, वरनं खालनं रस्टोलिनचे, म्हणजे गंज सोडवायच्या तेलाचे, थेंब सोडले आणि म्हणाले, "जावा आता. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा सोल्डरिंगची इस्त्री स्क्रूच्या डोक्यावर टेकवून बसलेले. दहा मिनिटं तापवायचं, गार होऊ द्यायचं, परत तेलाचा थेंब, परत तापवायचं, लोखंड फुगतं आक्रसतं आणि मधला गंज तडकतो, त्या फटीत तेल उतरतं. गॅसची बत्ती का नको विचारलं तर म्हणाले लाकूड करपंल, आणि लोखंडाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं तर ते परत कुठनं आणू.

नंतर जे केलं ते मी तोंड उघडं टाकून बघत होतो. ड्रिल मशीनचं बटण बंद, प्लग पण काढलेला. बंदूक खाली चामडं घालून शिकंज्यात धरली, तो घासलेला बिट चकमध्ये, म्हणजे ड्रिल धरणाऱ्या जबड्यात, बसवला, हँडल ओढून बिट खाचेत दाबून धरला आणि चक हातानं पान्यानं फिरवला. म्हणजे वरनं मशीनचा दाब, बिट उसळायला जागाच नाही. आणि पहिल्यांदा सोडायच्या दिशेनं नाही, आवळायच्या दिशेनं जराशी कळ. "कट्" असा बारीक आवाज झाला. मिस्त्री म्हणाले, "बोलली."

पण मी चेपलेली खाच आडवी आलीच. पाव आटा फिरल्यावर खाचेची एक भिंत तुटून पडली. माझ्या पोटात गोळा. मी यूट्यूबवर बघून गेलेलो, म्हटलं इझी आऊट, म्हणजे अडकलेला स्क्रू काढायचं उलट्या आट्याचं हत्यार, लावा की. तेव्हा पहिल्यांदा चिडले, म्हणाले ते आत मोडलं तर पोलाद एवढं कडक असतंय की कुठलं ड्रिल त्याला लागत न्हाई, मग खरंच दस्ता फेका. त्याऐवजी उलट्या पिळाचं, म्हणजे डावं ड्रिल लावलं, मशीन उलटं, अगदी सावकाश. ड्रिल आत घुसत गेलं आणि अचानक स्क्रू स्वतःच ड्रिलला चिकटून फिरत वर यायला लागला, अंगाला लाल भुगा, वेणीसारखा. गंज तडकवून ठेवल्याशिवाय हे झालं नसतं हे माझ्यासारख्या आडाण्यालाही कळलं.

नवा स्क्रू लेथवर काढला. गेज लावून दाखवलं, आटा जुना विलायती, व्हिटवर्थचा, कोन ५५ अंश, आपला मेट्रिक ६० चा, त्यामुळं दुकानातला तयार बोल्ट दोन फेरे जातो आणि तिसऱ्याला आटे खातो. डोकं मुद्दाम जाड ठेवलं, पूर्ण आवळलं, मग नळीच्या रेषेत खूण करून खाच पाडली, म्हणजे आवळल्यावर खाच बरोबर नळीच्या दिशेला उभी राहते. विलायती बंदुकीत तशीच असते म्हणे, घरी येऊन बाकीचे स्क्रू बघितले तर खरंच!

चीर का पडली ते पण सांगितलं. पुरात लाकूड फुगलं, वाळताना आक्रसलं, स्क्रू मात्र गंजून जागच्या जागी, मग दस्ता आणि लोखंडात फट राहिली आणि दर वेळी बार काढला की लोखंड मागं लाकडावर घणासारखं बसायला लागलं. त्यात आम्ही वर्षानुवर्षं वरनं तेल ओतलेलं, ते लाकडात मुरून काळं पडलेलं, त्यावर डिंक धरत नाही. अॅसिटोन आणि खडूची पूड लावून ते तेल त्यांनी चार-पाच वेळा ओढून काढलं, मग पातळ अराल्डाइट चिरेत सोडून सायकलची ट्यूब करकचून गुंडाळली, वर जवसाचं तेल हातानं चोळलं.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीतच, दोन फेऱ्या माझ्या फुकट गेल्या. पंधरा दिवस सांगून सहा आठवडे लावले. रोखच घेतात, साडेसहा हजार झाले, आणि जिथनं तेल ओढलं तिथलं लाकूड बाकीच्यापेक्षा एक छटा उजळ दिसतं, मला चालतं, वडिलांना खटकतं. माझा ओरखडा त्यांनी तसाच ठेवलाय, म्हणाले नक्षी घासायची नसती, राहू दे तुमची सही. पाचात चार देतो, एक फोनचा कापला.

जायचं असेल तर परवान्याचं मूळ पुस्तक न्या, झेरॉक्सवर दारातनंच परत पाठवतात. जायच्या आधी घरी स्क्रूला हात लावू नका, लावलाच असेल तर आधीच कबूल करा. आणि गुरुवारी बंद असतं.