पाच पट्ट्या, पैकी काळी अजून डब्यातच

वय 71, मुक्काम सातारा, एस.टी.तून निवृत्त कंडक्टर. व्यायामाच्या रबरी पट्ट्यांचा संच ऑनलाइन मागवला, 599 रुपये. पाच महिने वापरून मग लिहितोय.

घेतल्या कशासाठी ते आधी सांगतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन चालू आहे. त्यानं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ बंद पडतं, म्हणजे गाठीची रसद तुटते. पीएसए, म्हणजे रक्तातला या आजाराचा मापक आकडा, 38 वरून 0.4 वर आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच रसदीवर माझे स्नायू आणि हाडंही जगत होती, हे कळलं दळणाच्या डब्यामुळं. आठ किलोचा डबा ओट्यावर चढेना. हिनं हातातून घेतला, वर ठेवला, एक शब्द बोलली नाही. ते न बोलणंच जास्त लागलं. पुढं डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी झाली. टी-स्कोअर उणे 2.1, म्हणजे हाडं विरळ झालेली. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, ताकदीचे व्यायाम करा म्हणाले. जिममध्ये पोरासोरांत जायची लाज, म्हणून पट्ट्या.

पाकीट फोडलं तर सायकलच्या ट्यूबसारखा वास. दोन दिवस सावलीत टांगल्यावर गेला. सोबतचा कागद मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, तो सरळ रद्दीत टाकला. फिजिओथेरपीच्या बाईंनी वीस मिनिटांत शिकवलं: खुर्चीवर बसायचं, पट्टी तळपायाखालून घ्यायची, कोपरं मागं ओढायची, दहा-दहाच्या तीन फेऱ्या, श्वास कोंडायचा नाही. आजार हाडांत उतरलेला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टीला हात लावू नका.

पिवळीपासून सुरुवात केली, आता हिरवीवर आहे. लाल सहाव्या आठवड्यात तुटली. चूक माझीच. खिडकीच्या गजाला बांधली, गंजाची धार लागली आणि सप्पकन गालावर बसली. उरलेल्या पावडर लावून डब्यात ठेवतो, एकमेकींना चिकटत नाहीत.

मुठी मात्र भिकार. घामानं निसटतात, आणि घामाचं तर विचारूच नका. बसल्या जागी छातीतून वाफ चढते, कान तापतात, बनियन भिजतं आणि पाच मिनिटांत हुडहुडी. एका रात्री ही म्हणाली, "अहो, मला व्हायचं तेव्हा पंखा बंद कर म्हणून ओरडायचात ना?" जाहिरातीत 'सर्व त्रासांवर गुणकारी' छापलंय, ती शुद्ध थाप. या वाफांवर पट्ट्यांचा काडीचा उपयोग नाही. रात्री दोनदा बनियन बदलायचो, अजूनही बदलतोच.

पाचपैकी चार स्टार, एक मुठींसाठी कापला. काळी पट्टी पैलवानांसाठी असावी, माझ्याच्यानं वीतभरसुद्धा ताणली गेली नाही.

डबा गेल्या महिन्यात ओट्यावर चढवला. आता ही म्हणते, गिरणीतही तुम्हीच जात जा.