8 महिने गार्मिन झीरो क्रोनोग्राफ वापरून: फॅक्टरीची गोळी 'हॉट' (नेहमीपेक्षा जास्त प्रेशरची) आहे हे कसं कळलं

जानेवारीत गार्मिनचा झीरो सी1 प्रो घेतला, गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ. 2023 च्या शेवटी बाजारात आला तेव्हा किंमत 600 डॉलरच्या आसपास होती आणि तेवढे पैसे गोळीचा वेग बघायला कशाला घालायचे असं घरात सगळ्यांचं म्हणणं होतं. आता 8 महिने झालेत, साधारण 500 राउंड त्याच्यासमोरून गेलेत आणि जुलैत जे झालं त्यानंतर मी तो घरी ठेवून रेंजवर जातच नाही.

आधी मशीनबद्दल थोडक्यात. रडारवर चालतं, टेबलावर रायफलच्या बाजूला ठेवायचं, बॅरलला काही लटकवायचं नाही. बॅटरी एका दिवसाला पुरते, ॲप बरं आहे. शेजारच्या लेनवर कोणी मोठ्या बोअरचं काही चालवत असेल तर कधीकधी त्याची गोळी पकडतं, एवढीच तक्रार.

आता मुद्द्याचं. मी टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहतो, रायफल 6.5 क्रीडमूर (हा कार्ट्रिजचा, म्हणजे अख्ख्या गोळीचा प्रकार), बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने उघडायचा), 24 इंची बॅरल. मी रीलोडिंग (चाललेली पितळी कवचं, म्हणजे पुंगळ्या, पुन्हा भरणं) करत नाही, फक्त फॅक्टरीच्या गोळ्या, 140 ग्रेन वजनाच्या. (कोणत्या कंपनीच्या ते लिहीत नाही, एका लॉटवरून (एकाच खेपेत बनलेल्या मालावरून) कंपनीला नावं ठेवणं मला पटत नाही.) बॉक्सवर वेग सेकंदाला 2,710 फूट छापलाय. फेब्रुवारीत थंडीत माझी सरासरी आली 2,694, म्हणजे अगदी व्यवस्थित.

जुलैत नवीन लॉट उघडला. बाहेर 98 डिग्री फॅरेनहाइट. पहिली गोळी 2,788. मला वाटलं मशीनचं सेटिंग हललं असेल. दुसरी 2,801. तिसरी 2,796 आणि बोल्ट उचलताना जरासा अडला. चौथी 2,812, आणि बोल्टच्या मुठीला तळहात लावून जोर द्यावा लागला. तिथेच थांबलो. खरं तर पहिल्या आकड्यालाच थांबायला हवं होतं, कारण त्याच रायफलमध्ये त्याच वजनाची गोळी छापील वेगापेक्षा 80 फूट जास्त पळते म्हणजे ती ताकद कुठून तरी आलेली असते. क्रोनोग्राफ प्रेशर मोजत नाही हे मान्य, पण आपल्यासारख्याला घरी प्रेशर मोजता येत नाही, ते लॅबमध्ये ट्रान्सड्यूसर (प्रेशर मोजणारा सेन्सर) लावलेल्या टेस्ट बॅरलमध्ये मोजतात, तेव्हा हातात वेगाइतका भरवशाचा दुसरा आकडा नाही.

मग पुंगळ्या उन्हात धरून बघितल्या. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) चपटे झाले होते, पण गंमत अशी की जुन्या लॉटचेही जवळपास तेवढेच चपटे होते. प्रायमर चपटा म्हणजे प्रेशर जास्त, असा निकाल लावणारे भरपूर भेटतात, मला आता त्यावर अजिबात विश्वास नाही. कुठल्या कंपनीचा प्रायमर मऊ, कुठल्याचा कडक, शिवाय बोल्टमधलं फायरिंग पिनचं भोक सैल असेल तर साध्या गोळीलाही पिनभोवती कडा उचलते. खरी खूण होती ती पुंगळीच्या बुडावर. कंपनीची अक्षरं छापलेली असतात ना, त्यातल्या एका अक्षरावर नखाएवढा नाही, त्याहून बारीक, चकचकीत गोल डाग. इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिट्टीच्या) भोकात पितळ दाबलं गेलं आणि बोल्ट फिरवताना घासलं गेलं. नख फिरवलं तर लागत होतं. चारपैकी तीन पुंगळ्यांवर तो होता, जुन्या लॉटच्या एकावरही नव्हता.

तरी लगेच गोळीला दोष दिला नाही. कारण हीच लक्षणं रायफलमुळेही येऊ शकतात. चेंबरमध्ये तेल राहिलं तर पितळ भिंतीला धरत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो. चेंबरच्या पुढच्या टोकाला कार्बनचं कडं साठलं तर गोळी सुटायला जागा कमी पडते आणि प्रेशर चढतं. आणि ऊन आहेच, काही पावडर (गोळीतली दारू) उष्णतेत जास्त तापट होतात, गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेला बॉक्स म्हणजे काय विचारूच नका. म्हणून घरी येऊन चेंबर नीट साफ केलं, कोरडा पॅच फिरवला, आणि पुढच्या शनिवारी तेवढ्याच उन्हात जुन्या लॉटच्या 5 गोळ्या चालवल्या. सरासरी 2,716, बोल्ट दोन बोटांनी उघडला, डाग नाही. म्हणजे उन्हाने फार तर वीसबावीस फूट वाढले, बाकीचे त्या लॉटचे. नवीन लॉटची पाचवी गोळी मी चालवली नाही, खात्री करायलासुद्धा नाही. या कार्ट्रिजची मर्यादाच 62,000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, आणि आपलं तोंड बोल्टच्या मागे असतं.

कोल्हापूरकडचे भाऊ फोनवर विचारतात (स्वप्निल कुसाळेच्या 2024 च्या ब्राँझनंतर तिकडे प्रत्येक घरात रायफलचा विषय निघतो), की आमच्या .22 मध्ये असं होतं का. ते प्रकरण वेगळं रे, तिथे मर्यादा 24,000 आणि प्रायमर पुंगळीच्या कडेतच असतो, या खुणा तशाच्या तशा लावू नका.

कंपनीला लॉट नंबर, पुंगळ्यांचे फोटो आणि क्रोनोग्राफच्या ॲपमधला रेकॉर्ड पाठवला. दोन दिवसांत फोन आला, उरलेल्या न चालवलेल्या गोळ्या त्यांनी स्वतः मागवून घेतल्या आणि बदली बॉक्स दिले. फोनवरच्या बाईंनी सगळ्यात आधी लॉट नंबर विचारला, म्हणून बॉक्स फाडून फेकत जाऊ नका, मी तर गोळ्या प्लास्टिकच्या डब्यात ओतणंच बंद केलंय. बदली लॉट ऑगस्टमध्ये चालवला, 2,704.

त्या चार पुंगळ्यांपैकी दोन कंपनीला गेल्या. उरलेल्यांचे प्रायमर रेंजवरच्या एका रीलोड करणाऱ्या काकांनी काढून दिले, आणि नवा प्रायमर खळग्यात ठेवून अंगठ्याने दाबला तर आत गेला. एरवी त्याला प्रेस लागतो. पितळ इतकं ताणलं होतं. दोन्ही पुंगळ्या पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या, चुकून कोणी उचलून परत भरू नये म्हणून.