एर्लिख तपासणी किट: रसायन भरवशाचं, वजनकाटा कुचकामी

नाशिकमध्ये एनडीपीएसची (अमली पदार्थविरोधी कायद्याची) प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलांनी आणि तपास अधिकाऱ्यांनी हे किट घेण्याआधी एवढं वाचावं. पेटीत एर्लिख द्रावणाची (एलएसडीसारख्या भ्रम निर्माण करणाऱ्या पदार्थांवर रंग देणाऱ्या रसायनाची) गडद बाटली, चिनी मातीची खाचांची पट्टी, चिमटा, हातमोजे आणि खिशात मावणारा वजनकाटा येतो.

द्रावण उत्तम आहे. ब्लॉटर कागदाचा (एलएसडी शोषवून चौकोनांत विकतात तो कागद) जेमतेम 2 मिमीचा कोपरा खाचेत ठेवून वर एक थेंब टाकायचा. एलएसडी असेल तर काही मिनिटांत जांभळा रंग चढतो. कोपरा छपाई नसलेला निवडा, नाहीतर शाईच सुटते आणि फसगत होते. तुलनेसाठी शेजारच्या खाचेत नुसता थेंब हवाच. कापलेल्या कोपऱ्याची नोंद पंचनाम्यात करा, कारण तेवढा मुद्देमाल कमी झालेला असतो.

मात्र माहितीपत्रकातलं ‘जांभळा म्हणजे एलएसडी’ हे वाक्य चूक आहे. सायलोसायबिन (भ्रम आणणाऱ्या अळंबीतला घटक) आणि डीएमटी हे दुसरे भ्रमकारक पदार्थही तोच रंग देतात. एलएसडीच्या नावाखाली खपवलं जाणारं जीवघेणं एनबोम हे कृत्रिम रसायन मात्र रंगच देत नाही. रंग आला नाही म्हणून कागद निर्धोक समजू नका. खटला उभा राहतो तो सीए रिपोर्टवर (सरकारी रासायनिक विश्लेषकाच्या अहवालावर), या थेंबावर नाही.

वजनकाट्याबद्दल खरी तक्रार आहे. तो 0.01 ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो आणि एलएसडीची कायद्यातली अल्प मात्रा आहे 0.002 ग्रॅम! व्यावसायिक मात्रा 0.1 ग्रॅम, तिथून शिक्षा किमान 10 वर्षं आणि जामिनाला एनडीपीएसचं कलम 37 (जामिनावर कडक अटी घालणारं) आडवं. मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ब्लॉटरचं वजनही धरायचं ठरवल्यापासून ब्लॉटरचे मूठभर चौकोनही ती रेषा ओलांडू शकतात. माणसाची दहा वर्षं ज्या आकड्यावर ठरतात, तो असल्या काट्यावर मोजणं अन्यायाचं आहे. 0.1 मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा प्रयोगशाळेतला काटाच हवा.

आपल्याकडच्या धोत्र्यालाही हे किट उपयोगाचं नाही. महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरी महादेवाला वाहिलं जाणारं हे फळ एनडीपीएसच्या यादीत नाही. पण गुन्ह्यासाठी कुणाला खाऊ घातलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 123 (गुन्ह्याच्या हेतूने विष देणं) लागतं. त्यातल्या ॲट्रोपिन या विषारी घटकावर एर्लिख रंग देत नाही, त्यासाठी विटाली ही वेगळी रंगचाचणी लागते. दोन्ही बिया मिळत्याजुळत्या, म्हणून बी मिरचीची की धोत्र्याची, हे आधी डोळ्यांनी पाहावं: धोत्र्याची मोठी, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची, मिरचीची लहान, पिवळसर, गोल.

बाटली फ्रीजमध्येच ठेवा. एप्रिलच्या उन्हात जीपमध्ये राहिली की द्रावण उतरतं आणि खऱ्या नमुन्यावरही रंग फिका येतो. पाचपैकी तीन तारे, तेही फक्त द्रावणाला.