मोरजीतली पेल्मेनी: पाचपैकी चार, एक मार्क मेनूकार्डाने घालवला

आधी निकाल सांगते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचून गाडी काढावी. गोव्यात मोरजीत पेल्मेनी खायची असतील तर टेंबाच्या रस्त्यावरचं हे छोटं हॉटेल सध्या माझ्या मते सगळ्यात भारी आहे. पाटी फक्त रशियन लिपीत आहे म्हणून खूण देते: निळं लाकडी दार, बाहेर फणसाचं झाड आणि त्याखाली भाड्याच्या स्कूटरी. म्हापशाहून येणार असाल तर शिवोली-चोपडे पूल ओलांडून सरळ यायचं. मोरजी, मांद्रे, हरमल या आमच्या पेडण्याच्या किनाऱ्यावर सीझनमध्ये फार्मसीपासून सलूनपर्यंत कितीतरी पाट्या रशियनमध्येच असतात, तेव्हा चुकलात तर सरळ कोणालाही विचारा, सगळ्यांना माहीत आहे.

पेल्मेनी म्हणजे काय ते थोडक्यात. मैदा, अंडं, पाणी, मीठ घालून घट्ट भिजवलेलं पीठ, ते पातळ लाटून त्यात कच्चा खिमा, कांदा, मिरपूड, आणि मग तमालपत्र टाकलेल्या खारट उकळत्या पाण्यात शिजवायचं. सारण कच्चं भरतात हे महत्त्वाचं, कारण शिजताना मांसाचा रस आतच अडकतो आणि चावलं की तोंडात येतो, शिजवलेला खिमा भरला तर ती मजाच जाते. इथे बीफ आणि पोर्क मिक्स आहे, फक्त चिकनचंही मिळतं पण ते कोरडं लागतं, मी मिक्सच घ्या म्हणेन. प्लेट आली तेव्हा वरून लोणी, शेपू चिरून टाकलेला, बाजूला स्मेताना म्हणजे आंबट साय आणि व्हिनेगरची छोटी बाटली. आकार दोन बोटांवर बसेल एवढा, कडा कुठेही उघडलेली नाही, पारी इतकी पातळ की आतला गुलाबीपणा दिसतो. एक पेल्मेन अख्खं तोंडात टाकायचं, काट्याने कापलंत तर रस ताटात सांडतो आणि मग हॉटेलला नावं ठेवू नका.

किचन उघडंच आहे त्यामुळे बनवताना बघता येतं. आत कोणी रशियन नाही, मांद्र्याच्या एक मावशी आहेत आणि त्यांचा हात बघण्यासारखा आहे. स्टीलच्या ग्लासाने गोल पाडायचे, मधे खिमा, अर्धा दुमडून कडा दाबायची, इथपर्यंत अर्धचंद्र होतो, आणि मग दोन टोकं मागे वळवून एकमेकांवर चिमटीत दाबायची की झाला कान. हो, अगदी कान, पाळीसकट. मी विचारलं, मावशी कोणी शिकवलं, तर म्हणाल्या, "चवथीला नेवऱ्या मुरडायची सवय आहे गो हाताला, हे त्यापेक्षा सोपं." नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्या.

आणि आता मेनूकार्ड. तिथे पेल्मेनीच्या खाली कंसात लिहिलंय "रशियन मोमो". मला हे खरंच पटत नाही आणि मालकांना मी तसं सांगितलं सुद्धा. मोमो तिबेटकडचा, बहुतेक वेळा वाफवलेला, पेल्मेनी पाण्यात उकळलेली, हा फरक तर आहेच, पण खरी गोष्ट पुढची आहे. पेल्मेनी हा शब्द मुळात रशियनच नाही. तो उरल पर्वताच्या पश्चिमेला, कामा नदीच्या खोऱ्यात आणि त्याच्या उत्तरेला राहणाऱ्या कोमी आणि उद्मुर्त लोकांचा शब्द आहे, पेल-न्यान. पेल म्हणजे कान, न्यान म्हणजे पाव, भाकर, जे काय पिठाचं असेल ते. कानाचा पाव! रशियन लोकांनी पदार्थाबरोबर शब्दही उचलला, मधल्या न्यानचं तोंडात मेन झालं आणि पेल्मेन तयार, त्याचं अनेकवचन पेल्मेनी. उद्मुर्तियाची राजधानी इझेव्स्क, तिथे 2004 साली काट्यावर टोचलेल्या पेल्मेनचं चक्क स्मारक उभारलंय, म्हणजे हा पदार्थ आपला आहे हे ते लोक विसरलेले नाहीत. मग मोरजीतल्या कार्डावर त्यांचं नाव पुसून वर मोमोचं लेबल कशाला लावायचं?

ज्यांना भाषांची आवड आहे त्यांच्यासाठी थोडं जास्त लिहिते, बाकीच्यांनी खाली दरांकडे जावं. कोमी आणि उद्मुर्त या उराली भाषा, म्हणजे फिनिश, एस्टोनियन, हंगेरियन यांच्या कुळातल्या. रशियन स्लाव्ह कुळातली, पोलिश, युक्रेनियन, चेक यांच्याबरोबरची. आणि गंमत अशी की रशियन आपल्या मराठीची लांबची नातेवाईक आहे, दोन्ही भारत-युरोपीय, त्यांचं द्वा, त्री ऐकलं की आपल्याला दोन, तीन ओळखू येतं. फिनिशचं कक्सी, कोल्मे ऐकून काहीही ओळखू येत नाही, कारण ते घरच वेगळं. तर रशियनने शेजारच्या पण परक्या घरातून हा शब्द घेतलाय.

त्यातला पेल हा भाग फारच जुना आहे, उराली कुळाच्या मुळातला. मोर्दविनांच्या एर्झ्या भाषेत कानाला पिले, मारी भाषेत पीलीश, आणि हंगेरियनमध्ये फ्यूल. फ्यूल ऐकून वाटतं याचा काय संबंध, पण हंगेरियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या जुन्या प चा एफ होतो हा पक्का नियम आहे. फिनिशमध्ये घरट्याला पेसा तर हंगेरियनमध्ये फेसेक, फिनिशमध्ये झाडाला पू तर तिकडे फॉ, डोक्याला इकडे पा तर तिकडे फेय. त्याच वाटेने पेलचा फ्यूल. मजा म्हणजे फिनिशमध्ये कानाला कोर्वा म्हणतात, म्हणजे हंगेरी एवढी लांब असून तिने जुना कान सांभाळला आणि फिनिशने रोजच्या बोलण्यातून तो सोडला. मला हे सगळ्यात आवडतं, हजारो वर्षं एक शब्द असा लोकांबरोबर चालत राहतो आणि मग एक दिवस आपल्या ताटात लोणी लावून येतो.

आता दुसरा अर्धा, न्यान. हा मूळचा उराली नाहीच, तो इराणी भाषांकडून तिकडे गेला. फारसीतलं नान! तेच नान जे आपण तंदुरी म्हणून मागवतो, आणि तेच जे नानकटाईत बसलंय. म्हणजे म्हापशाच्या बेकरीतल्या नानकटाईत आणि मोरजीतल्या पेल्मेनीत एकच शब्द आहे, एक दक्षिणेला आला, एक उरलच्या थंडीत गेला आणि इथे गोव्यात दोघं परत भेटले. गोव्याच्या माणसाला हे समजवायला नको, आपला पाव पोर्तुगीजांचा, तो घेऊन सायकलवर हॉर्न वाजवत येणारा पोदेर पण त्यांच्याच भाषेतला, आणि तरी आज पाव आपलाच आहे की. तसंच पेल्मेनी रशियन आहेतच, मी नाही म्हणत नाही, आज अख्खा रशिया ती खातो. फक्त पहिलं नाव कोणी ठेवलं ते सांगायला काय हरकत आहे.

कोणी म्हणेल स्लाव्ह लोकांकडे स्वतःचा शब्द नव्हता का? होता ना. रशियनमध्ये कान म्हणजे ऊखो, आणि पोलंडमध्ये ख्रिसमसच्या आदल्या रात्री बीटच्या सूपमध्ये जी छोटी मश्रूम भरलेली पारी टाकतात तिला उश्का म्हणतात, म्हणजे छोटे कान. कल्पना तीच, शब्द त्यांचा स्वतःचा. युक्रेनचे वारेनिकी पण इथे कार्डावर आहेत, तो शब्द उकळणे या अर्थाच्या वारिती या स्लाव्ह धातूवरून आलाय. बटाट्याचे वारेनिकी आमच्यातल्या शिवराक म्हणजे शाकाहारी माणसाने घेतले, वर परतलेला कांदा, पोट भरतं पण पेल्मेनीची सर नाही.

पिरोझ्की घेतली, कोबी भरलेली, तळलेली, ठीक. यांचा मोठा भाऊ पिरोग म्हणजे सारण भरून भाजलेला पाई, पण पोलंडमध्ये तोच शब्द पेरोगी होऊन उकडलेल्या पाऱ्यांना लागतो, त्यामुळे पोलिश आणि रशियन माणूस एकाच नावाने वेगवेगळा पदार्थ मागतात. आणि हा शब्द पेल्मेनीच्या उलट दिशेने गेलाय, स्लाव्हांकडून उराली भाषांत, फिनिशमध्ये पीराक्का, एस्टोनियनमध्ये पिरुकास. म्हणजे घेणं-देणं दोन्ही बाजूंनी चालू होतं, एकाने कानाचा पाव दिला, दुसऱ्याने पिरोग दिला.

क्वास मात्र नक्की प्या. राय या धान्याच्या पावापासून आंबवलेलं, काळपट, आंबटगोड, अल्कोहोल नावापुरतं. याचा धातू संस्कृतच्या क्वथ् बरोबर जोडतात, ज्यावरून आपला क्वाथ, काढा आणि कढी आलेत, म्हणजे सोलकढीतली कढी आणि हा क्वास लांबचे भाऊबंद! हंगेरियन लोकांनी तोच स्लाव्ह शब्द घेऊन कोवास केला, पण त्यांच्याकडे त्याचा अर्थ पावाचं आंबवण. इथला क्वास घरी केलेला आहे, थोडा जास्त गोड, पण दुपारच्या उन्हात बरा वाटतो.

आता तक्रारी. स्मेताना पातळ होती, चव घेतल्यावर साधं दही घुसळून दिल्यासारखं वाटलं, एवढी छान पेल्मेनी करता तर चांगली आंबट साय द्या, लागले तर वीस रुपये जास्त घ्या. काळा पाव शिळा होता, परत पाठवला तर बदलून दिला, कुरकुर न करता. गर्दी असली की ऑर्डरला पाऊण तास लागतो, आणि तो लागणारच कारण मावशी एकट्या मुरडतात, फ्रिजरमधली पाकिटं उघडून देत नाहीत, तेव्हा यावर मी मार्क कापत नाही. मार्क कापलाय तो "रशियन मोमो"वर. तिथे फक्त एक ओळ छापा, "पेल-न्यान, कोमी आणि उद्मुर्त भाषेत कानाचा पाव", रशियनमध्ये आणि मराठीत दोन्ही. टेबलावर बसलेला माणूस पाऊण तास तसाही काहीतरी वाचतोच. मालक म्हणाले पुढच्या वेळी कार्ड छापताना बघू, मी आठवण करत राहणार आहे.

दर: पेल्मेनीची प्लेट 450, वारेनिकी 350, पिरोझ्की दोन नगांना 180, क्वासचा ग्लास 120. पेल्मेनी सूपमध्ये पण मिळतात, कार्डावर नाही, तोंडी मागावी लागतात, पावसाळी हवेत तीच घ्या. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. संध्याकाळी साडेसातच्या आत पोचा, मिक्स खिमा नंतर संपतो आणि मग चिकनचंच उरतं.