एस्त्रात्तो क्रोनोलोजिको: जुन्या इटालियन गाडीची वंशावळ नंबर प्लेटपाशी अडते तेव्हा

जुन्या अल्फा, लान्चिया, फेरारीच्या नादी लागलेल्यांना पीआरए (इटलीची वाहन-मालकीची नोंदवही) काय आणि उत्पत्ती-प्रमाणपत्र (गाडी कशी बाहेर पडली याचा कारखान्याचा दाखला) काय हे नव्याने सांगायला नको, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. काही महिने प्रामुख्याने अल्फा रोमिओ जुलिया स्प्रिंट जीटीए 1600 च्या कागदांवर काम झालं, त्यानंतरचं हे मत आहे. लिहायचं तातडीचं कारण मात्र एक मध्यस्थ एजन्सी. ‘संपूर्ण मालकी इतिहास’ म्हणून तिने चांगले पैसे घेतले आणि पाठवली ती साधी विझूरा.

हा फरक आधी डोक्यात पक्का बसवा, कारण पैसे इथेच बुडतात. विझूरा म्हणजे आजचा सातबारा: गाडी सध्या कोणाच्या नावावर आहे, बोजा आहे का, रद्द झाली आहे का, एवढंच. एस्त्रात्तो क्रोनोलोजिको म्हणजे त्यामागचे सगळे फेरफार, पहिल्या नोंदणीपासून तारखेनिशी. विझूरा कोणीही काही युरोंत काढू शकतो. तीच शंभरपट भावात विकणारे आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत ‘इतिहास’ हा शब्द हमखास असतो.

दुसरी पायरी याहून फसवी आहे. एस्त्रात्तोही दोन प्रकारे हाती येतो. संगणकातून निघणारा उतारा नोंदी संगणकावर आल्यानंतरचंच सांगतो, त्याआधीचे मालक त्यात नसतात. जीटीएसारख्या साठच्या दशकातल्या गाडीसाठी तो जवळपास निरुपयोगी. आपल्याला हवी असते प्रांताच्या जुन्या नोंदवहीतल्या मूळ पानाची प्रत, हाताने किंवा टाइपरायटरवर भरलेली. ऑर्डर देताना ‘पहिल्या नोंदणीपासून, कागदी नोंदवहीच्या पानाच्या प्रतीसह’ असं लेखी लिहून घ्या. तोंडी कबुलीवर पैसे देऊ नका.

एवढी यातायात कशासाठी, हे जीटीएच्या उदाहरणावरून कळतं. फेब्रुवारी 1965 मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोटर शोमध्ये ही गाडी आली. रेसिंगच्या मान्यतेसाठी सुमारे 500 बांधल्या. बाहेरचे पत्रे पेरालुमान या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, रिव्हेट मारून खालच्या पोलादी सांगाड्यावर बसवलेले. कोरडं वजन 745 किलो, एका सिलिंडरला दोन प्लग, क्लच हाउसिंग आणि इंजिनाची वरची झाकणं मॅग्नेशियमची. साध्या स्प्रिंट जीटीत आणि हिच्यात किमतीचा फरक प्रचंड, आणि दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. साध्या गाडीवर ॲल्युमिनियमचे दरवाजे आणि बॉनेट चढवून जीटीए ‘तयार’ करण्याचा उद्योग त्यामुळेच फोफावला.

इंजिनाच्या नंबरात तर फक्त एका अक्षराचा फरक आहे. साध्या स्प्रिंट जीटीचं इंजिन एआर 00502, जीटीएचं एआर 00502/ए. साध्या ब्लॉकवर तिरकी रेघ आणि ‘ए’ ठोकायला किती वेळ लागतो? म्हणून इंजिनचा प्रकार बघून समाधान मानू नका, त्यापुढचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतो का ते बघा. चासिसचा नंबर इंजिनच्या खोलीत मागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला असतो, गाडीचा टाइप 105.32. त्या जागेभोवती वेल्डिंगची रेघ, जाड रंग किंवा घासून गुळगुळीत केलेला पत्रा दिसला तर तिथेच थांबा. नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घ्या आणि खात्रीच्या दुसऱ्या जीटीएच्या ठशाशेजारी ठेवा. आकड्यांची उंची, मधलं अंतर, 6 आणि 3 चं वळण यांत खोटेपणा फोटोपेक्षा लवकर उघडा पडतो.

मग उत्पत्ती-प्रमाणपत्र. अल्फाचं दप्तर मिलानजवळ आरेझे इथे, 1976 साली उघडलेल्या संग्रहालयाशी जोडलेलं आहे. चासिस नंबर आणि फोटो पाठवले की उत्पादनाची तारीख, विक्रीची तारीख, गाडी कुठे पाठवली, मूळ रंग आणि मूळ इंजिन क्रमांक एवढं सहसा मिळतं. यात रंगाची ओळ लोक दुर्लक्षून टाकतात. बियांकोस्पिनो पांढऱ्या रंगात बाहेर पडलेली गाडी आज एआर 501 लाल रंगात उभी असेल, तर दरवाज्याच्या आतल्या पॅनेलमागे, डॅशबोर्डखाली, डिकीतल्या कार्पेटखाली पांढरा थर सापडायलाच हवा. नुसत्या उघड्या धातूवर थेट लाल रंग दिसला, तर पत्रे नंतरचे आहेत किंवा गाडी पूर्ण सोलून रंगवली आहे. दुसऱ्या शक्यतेत वाईट काही नाही, पण विक्रेत्याने ते आधी सांगायला हवं होतं.

प्रमाणपत्र कारखान्याच्या फाटकापर्यंतच साथ देतं. त्यापुढचा रस्ता पीआरएचा, आणि या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वात जास्त खटकणारी गोष्ट तिथेच आहे. जुनी नोंदवही नंबर प्लेटवर लावलेली आहे, चासिसवर नाही. चासिसवरून शोध चालतो तो संगणकात आलेल्या नोंदींत. 1973 मध्ये निर्यात होऊन गेलेली गाडी संगणकापर्यंत पोचलीच नाही. तिचा चासिस नंबर तुम्हाला तोंडपाठ असेल, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं असेल, तरी प्लेटचा नंबर माहीत नसेल तर ते पान कपाटातून बाहेर येत नाही. कारखान्याला फक्त चासिस ठाऊक, नोंदवहीला फक्त प्लेट, आणि दोन्ही एकत्र ज्यावर लिहिलेलं असतं ती कागदपत्रं, म्हणजे वाहनाचं लिब्रेत्तो आणि मालकीचं फोल्यो कोम्प्लेमेन्तारे, गाडी देशाबाहेर जाताना बहुतेक वेळा मागेच राहिली.

त्यात 1994 पर्यंत प्लेटवर प्रांताची अक्षरं असायची आणि गाडी दुसऱ्या प्रांतातल्या मालकाकडे गेली की नवी प्लेट. मिलानची एमआय, तूरिनला गेल्यावर टीओ, मग रोमची रोमा. एकाच गाडीची तीन प्रांतांत तीन पानं, आणि प्रत्येक पानासाठी वेगळी फी. मधली एक प्लेट हरवली की साखळी तुटते. पहिल्या काही आठवड्यांनंतर एस्त्रात्तोला पाचातले दोनच तारे द्यावेत असं पक्कं मत झालं होतं.

ते मत बदललं ते मूळ पानं हातात पडल्यावर. पहिल्याच नोंदीत सहसा चासिस आणि इंजिन दोन्हींचे क्रमांक असतात. कारखान्याच्या दप्तराशी ताडून बघायला हा पूर्णपणे वेगळा, त्याच काळातला पुरावा. पुढे प्रत्येक हस्तांतरणाची तारीख, मालकाचं नाव, राहण्याचं गाव. अनेकदा खरेदीची किंमतही. ती किंमत खरी मानू नका, कर वाचवायला कमी दाखवण्याची रीत होती. पण आधीच्या आणि नंतरच्या नोंदींतला चढउतार बोलका असतो.

सर्वात मोलाची ठरली बोज्याची नोंद. हप्त्यांवर गाडी घेतली की विकणाऱ्याचा किंवा पैसे देणाऱ्याचा हक्क नोंदवहीत चढायचा, हप्ते फिटले की उतरायचा. म्हणजे गाडी कोणी विकली, कधीपर्यंत पैसे फिटले, त्या काळात ती कोणाच्या ताब्यात होती, हे तारखेनिशी मिळतं. रेसिंगसाठी घेतलेल्या जीटीएमध्ये तर हे सोन्यासारखं. बोजा असताना गाडी कागदोपत्री त्या मालकाकडेच राहिली. त्याच महिन्यांत दुसऱ्याच चालकाच्या मालकीची म्हणून कोणी तुम्हाला ती विकत असेल, तर त्याच्याकडे भाड्याचा किंवा संघाचा कागद मागा.

विश्वास बसण्याचं खरं कारण वेगळं आहे. पीआरए 1927 पासून मालकी आणि बोजे नोंदवण्यासाठी चालवली जाते. 1966 मध्ये पान भरणाऱ्या कारकुनाला ती जीटीए पुढे दुर्मिळ होईल हे ठाऊक नव्हतं आणि तिची किंमत वाढवण्यात त्याला काहीच लाभ नव्हता. नंतरच्या लिलावाच्या पुस्तिकांबद्दल असं म्हणता येत नाही. आता चार तारे. पाचवा त्या प्लेटच्या कपाटासाठी कापलेला आहे आणि तो मी परत देणार नाही.

प्लेट शोधायची कशी? शेवटच्या माहीत प्लेटचं पान आधी मागवा. त्यावर सहसा आधीच्या प्लेटचा उल्लेख असतो, म्हणून मागे मागे जाता येतं. काहीच हाती नसेल तर जुने फोटो. पण तीन प्रकारच्या प्लेटांवर पैसे घालवू नका.

पहिली ‘प्रोवा’ प्लेट. ती कारखान्याची, विक्रेत्याची किंवा गॅरेजची चाचणीची पाटी, गाडीची नव्हे. त्याच पाटीवर या आठवड्यात एक गाडी, पुढच्या आठवड्यात दुसरी. शर्यतीच्या फोटोत प्रोवा दिसली आणि ‘हीच ती गाडी’ असं ठरवून टाकलेली वर्णनं सर्रास सापडतात, ती बाजूला ठेवा. दुसरी ‘ईई’, म्हणजे परदेशी प्रवाशांसाठीची. इटलीत गाडी घेऊन काही काळ फिरून घरी नेणाऱ्यांना ही मिळायची. या गाडीचा नेहमीसारखा प्रांतीय इतिहास शोधत बसणं व्यर्थ, पहिला खरा माग त्या माणसाच्या देशात सापडेल. तिसरी ‘एएफआय’, इटलीतल्या मित्रराष्ट्रांच्या सैन्याच्या लोकांची. अमेरिकेत गेलेल्या कित्येक इटालियन स्पोर्ट्स गाड्यांची सुरुवात या दोन प्लेटांपासून होते, आणि विक्रेते त्याला ‘इटलीतला इतिहास हरवला’ म्हणतात. तो मुळात तिथे नव्हताच.

पानाच्या शेवटी ‘राद्यात्सिओने’ हा शब्द आला की त्याचं कारण वाचा. निर्यातीसाठी रद्द, मोडीत काढली म्हणून रद्द, की कार्यालयाने आपणहून रद्द केली, हे तीन अगदी वेगळे अर्थ आहेत. मोडीत निघालेली गाडी पुढे रस्त्यावर दिसत असेल, तर कोणीतरी नंबर वापरला आहे, गाडी नाही. अशा वेळी त्याच चासिस नंबराची दुसरी गाडी जगात कुठे आहे का ते शोधा. जीटीएच्या बाबतीत, आणि लान्चिया ऑरेलिया बी24 स्पायडरच्या बाबतीतही (एकूण 240 बनल्या, त्यातल्या 59 उजव्या सुकाणूच्या), हा प्रश्न आधी विचारावा. निर्यात झाली असेल तर पुढचे कागद त्या देशाचे. इंग्लंडमधल्या मराठी मंडळींना डीव्हीएलएचा (तिथल्या वाहन-नोंदणी कार्यालयाचा) माहिती मागण्याचा व्ही888 फॉर्म भरता येतो, पण आधीच्या मालकांची नावं तिथे सहसा झाकलेली असतात. इटलीचं पान नावांसकट मिळतं, आणि हा फार मोठा फरक आहे.

फेरारीवाल्यांसाठी थोडक्यात: साठच्या दशकापर्यंत साधारणपणे रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि रेसिंगच्या गाड्यांना सम चासिस क्रमांक, म्हणून सम क्रमांकाच्या ‘साध्या’ गाडीकडे दोनदा बघा. डिनोला मात्र हा नियम लावू नका, तिच्या रस्त्यावरच्या गाड्याही सम क्रमांकाच्या. कोचबिल्डरने, म्हणजे बॉडी बनवणाऱ्या कंपनीने, हाताने बांधलेल्या गाडीत बॉडीचा वेगळा क्रमांक बिजागऱ्यांवर, पॅनेलांच्या मागे, ट्रिमच्या पट्ट्यांवर सापडतो. दरवाज्यावर एक आणि बॉनेटवर दुसरा असेल तर दोन गाड्यांची एक झाली आहे. आणि 1961 च्या आधीच्या म्हणून दाखवलेल्या कागदावर ‘पिनिनफारिना’ (अशीच एक कोचबिल्डर कंपनी) असा जोडशब्द छापलेला दिसला, तर तो कागद नंतरचा आहे. तोपर्यंत ते नाव पिनिन फारिना असं तोडून लिहीत.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी विक्रेत्याकडून मागच्या प्लेटचा जुना फोटो फुकट मागा, मग विझूरा, मग चासिसच्या ठशासकट उत्पत्ती-प्रमाणपत्र, आणि दोन्ही जुळले तरच मूळ पानाचा एस्त्रात्तो, एका वेळी एका प्रांताचा. इतिहासकाराच्या सविस्तर अहवालाचे पैसे यानंतर. त्याच्याकडे ही पानं आयती दिली की तो फक्त उरलेल्या फटी शोधतो आणि बिल त्यानुसार कमी येतं.