पाली मोजायला साडेचारशेचा प्लास्टिक डिजिटल कॅलिपर: मोठीला चालतो, छोटीला नाही

तीन स्टार, तेही मोठ्या पालींच्या वतीने.

बाकीचे रिव्ह्यू सुतारांचे आणि मेकॅनिक लोकांचे दिसतात, म्हणून आधी माझं काम सांगते. मी पालींच्या वर्गीकरणावर पीएचडी करतेय. वनखात्याची परवानगी घेऊन सह्याद्रीतल्या गुहा-कपारींत रात्री पाली शोधायच्या, मोजायच्या आणि आधी नाव मिळालेल्या जातींशी ताडून बघायच्या. लॅबमध्ये मिटुटोयो या जपानी कंपनीचा स्टीलचा डिजिटल कॅलिपर आहे, पण सर तो गुहेत नेऊ देत नाहीत. त्यांच्या जागी मीही दिला नसता. म्हणून हा काळा प्लास्टिकचा घेतला.

हेमिडॅक्टिलस मॅक्युलॅटस ही आपल्या गुहांमधली दणकट पाल. पाठीवर तिकोनी, कंगोरेदार मोठे खवले, आणि नाकाच्या टोकापासून अवस्करापर्यंतच (शेपटीच्या मुळाशी असलेलं मलमूत्राचं द्वार) शंभर मिलिमीटरच्या वर भरते. शेपटी वेगळी मोजायची, कारण ती एकदा तुटून पुन्हा आलेली असू शकते. या बाईसाठी कॅलिपर मस्त आहे. जिवंत पालीच्या डोक्याची रुंदी घेताना तर प्लास्टिकचे जबडेच बरे वाटतात. स्टीलच्या धारेने कातडीला इजा होईल की काय, या धास्तीने माझा हात आखडतो.

घोडं अडतं ते निमॅस्पिसपाशी. गोल बाहुलीची ही छोटी पाल. कास पठारावरची निमॅस्पिस गिरी 2014 मध्ये वर्णन झाली, ती याच वंशातली. अंगाची लांबी जेमतेम 35 मिलिमीटरच्या आसपास. कॅलिपरचा डिस्प्ले 0.1 मिलिमीटरपर्यंतच दाखवतो आणि चूक 0.2 पर्यंत होऊ शकते, हे कंपनीनेच पत्रकात छापलंय. शंभर मिलिमीटरच्या पालीत 0.2 कुणी विचारत नाही. पण दीड मिलिमीटरचा डोळा मोजताना तीच चूक तेरा टक्क्यांवर जाते, आणि शेजारच्या डोंगरावरच्या दोन जातींमधला फरक कधीकधी त्याहून कमी असतो. त्यात जरा जोर लागला की जबडे वाकतात, म्हणजे आकडा तुमच्या अंगठ्यावर अवलंबून. मिटुटोयोची चूक 0.02 च्या आत, आणि तो चालू केल्यावर दर वेळी शून्यावरही आणावा लागत नाही. हा लागतो. अंधारात, एका हातात पाल धरून, ते बटण शोधून दाखवा.

आता कॅलिपरची बाजूही घेते. नवी जात नुसत्या लांबी-रुंदीवर ठरत नाही. नराच्या मांडीखालची छिद्रं किती, मधे बिनछिद्रांचे खवले किती, बोटांखालच्या पट्ट्या किती, हे भिंगाखाली मोजायचं. शेपटीचा इवला तुकडा, नमुना टिकवायचं फॉर्मेलिन लागायच्या आत, निव्वळ अल्कोहोलमध्ये टाकायचा, म्हणजे पुढे डीएनएमधलं, जाती ताडायला वापरतात ते एनडी2 जनुक वाचता येतं. म्यानमारच्या चुनखडीच्या डोंगरांतून 2018 मध्ये एकाच शोधनिबंधात सर्टोडॅक्टिलस वंशाच्या 12 नव्या जाती आल्या, त्याही शरीररचना आणि डीएनए दोन्ही जुळवून. डोंगर एकमेकांपासून तुटलेले, मधे सपाट जमीन, त्यामुळे एका गुहेतली पाल दुसरीकडे जातेच कुठे? तेव्हा कॅलिपर हा या कामातला एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. पण साक्षीदाराने निदान रोज एकच साक्ष द्यावी!

गुहेतला अनुभव: वटवाघळांच्या विष्ठेची धूळ पट्टीत शिरली की सरकता भाग करकरतो; मऊ ब्रशने साफ होतो. दमट हवेत डिस्प्लेवरचे आकडे पुसट होतात. मागे लाइट नाही, आणि समोरून हेडलॅम्प मारला तर काच नुसती चमकते. थोडा तिरका धरायचा. सगळ्यात वैताग बॅटरीचा. बंद करून ठेवला तरी आतली बटणाएवढी एलआर44 बॅटरी उतरते. मी आता परत येताना बॅटरी काढूनच ठेवते.

कुणी घ्यावा? एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मोठ्या पाली, बेडूक मोजत असाल तर जरूर. टाइप नमुन्याची (ज्यावरून नव्या जातीचं वर्णन होतं तो नमुना) मापं छापायची असतील तर याला हात लावू नका. डिजिटल परवडत नसेल तर साधा स्टीलचा व्हर्नियर घ्या. त्याला बॅटरीच लागत नाही, आणि 0.02 पर्यंत वाचता येतो. डोळे तेवढे ताणावे लागतात.

पॅकिंग चांगलं होतं. सोबतची जादा बॅटरी मात्र आधीच मेलेली निघाली.